नळीतलं तांबं

डोंगरावर निघायचं कारण एकच होतं: बनाबाईचं बोचकं.

सातारा आणि सांगलीच्या शिवेवर, अगदी माथ्याला, आठ घरांची जांभळीची वाडी. तिथल्या पाणवठ्याच्या वाटेवर एका सुळेवाल्या रानडुकरानं दोन महिन्यांत तीन माणसं लोळवली होती. तिसरी बनाबाई. मांडीला अठरा टाके! सांगलीच्या मुलानं चौथ्या मजल्यावरची खोली झाडून ठेवली आणि "आता कायमचीच ये" म्हणून फोन केला. बनाबाईनं बोचकं बांधून दाराशी ठेवलं आणि धाकट्या भावाला निरोप धाडला, "रविवारी दिस मावळंपतूर डुक्कर गेलं तर मी हितंच ऱ्हाती. न्हाई गेलं तर मला लिफ्टात बसवाय तूच ये, गुंड्या."

हा गुंड्या म्हणजे हवालदार गुंडा माने, वय अडुसष्ट. चोवीस वर्षं पलटणीच्या रायफली दुरुस्त करण्यात गेलेली. गावात त्यांना तात्या म्हणत आणि त्यांच्या शब्दावर चार आणे विश्वास ठेवत. राजस्थानात रायफल इतकी तापली, की सुभेदारानं नळीवर चहा उकळला आणि साखर कमी पडली म्हणून आपल्यालाच झापलं, हे तात्या शपथेवर सांगत.

रायफल तात्यांच्याच गावच्या शंभूराजची. आजोबांच्या वेळची तीनशे पंधरा बोअरची, परवान्यासकट वारशानं आलेली. उसाच्या फडात वाढलेला हा गडी अंगानं दांडगा, नेमानं बरा आणि उत्साहानं धोकादायक. तिसरी अंकिता, मूळची वडूजकडची, पण नोकरीनं सांगलीकडची वनरक्षक. डुक्कर मारायची लेखी परवानगी तिच्या पिशवीत होती. मुदत रविवारच्या सूर्यास्तापर्यंत, काडतुसं पाच, हद्द फक्त सांगली जिल्ह्याची.

"नळी साफ हाय न्हवं?" निघताना तात्यांनी विचारलं. दिवाळीत त्यांनी नळीत डोकावून सांगितलं होतं, की आत तांबं बसलंय, काढून घे.

"काढलं की, तात्या! चकचकीत!" शंभूराज म्हणाला.

आणि चोवीस वर्षांत कुणाच्या तोंडच्या शब्दावर रायफल पास न करणाऱ्या माणसानं मान डोलावली. चूक झाली ती तिथं.

शुक्रवारी तिघं कारवीच्या रानात शिरले. माणसापेक्षा उंच, वाळून कडक झालेल्या काठ्या. एक बाजूला सारावी तर दुसरी कानशिलात बसायची. दुपारी डुक्कर दिसलं. साठ पावलांवर, आडवं, निवांत माती उकरत. शंभूराजनं दम धरला. बार! डुकराच्या डावीकडं हातभर लांबचा दगड फुटला. डुकरानं मान वर करून तिघांकडं पाहिलं आणि दुलक्या चालीनं निघून गेलं. पळालंसुद्धा नाही!

शनिवारी माग ओढ्यानं खाली गेला. मुरमाड उतारावर शंभूराजचा पाय सरकला आणि रायफल छातीशी धरून तो पंधरा हात घसरत गेला. अंगावरचं सोललं, रायफलीला ओरखडा नाही. पण पाण्याचा कॅन फुटला. त्या दिवशी दोन बार झाले. पहिला डावीकडं गेला, दुसरा उजवीकडं.

"वाऱ्यामुळं असंल," शंभूराज म्हणाला.

"वारं हाय कुठं?" अंकितानं विचारलं. झाडाचं पान हलत नव्हतं.

रविवारी सकाळी चौथा बार. जांभळाची फांदी तुटली. त्या झाडावरचा तांबट पक्षी क्षणभर गप्प बसला आणि पुन्हा टुक-टुक-टुक करू लागला.

"त्योबी हसतुया," तात्या म्हणाले. "आण ती रायफल हिकडं."

त्यांनी शेवटचं काडतूस काढून खिशात घातलं, बोल्ट बाहेर ओढला आणि नळी उजेडाकडं धरली. आत तपकिरी गंज, त्याखाली पिळाच्या खाचांमधून तांबूस पट्टे जसेच्या तसे. मग त्यांनी मॅगझिन झटकलं. टपकन काहीतरी खाली पडलं.

"हे काय रं?"

"चिंचोका," शंभूराज खालच्या मानेनं म्हणाला.

"रायफलीत चिंचोका? आमटी करायची हुती?"

"तुमीच म्हणला न्हवं, तांबं बसलंय? आईला इचारलं. आई म्हणली, तांबं हाय तर चिंच-मीठ लाव, घागर निघती तशी निघंल. रातभर भिजत घातली."

अंकितानं तोंडाला ओढणी लावली. खांदे मात्र हलत होते.

"आरं, घागर तांब्याची असती! ही पोलादाची! गोळीच्या अंगावर तांब्याचं पातळ कवच असतं. दर बाराला त्यातलं थोडं खाचांत घासून बसतं. तीन पिढ्यांचं तांबं साठलंय आत, आन वर तू गंज चढवलास! गोळीला नीट फिरायलाच मिळंना, मग ती सरळ जाईल कशी?" तात्यांनी नळी खाली घेतली. "चूक माझी. मी बघायला पायजे हुतं."

"मग आता?" अंकिताचा हात पिशवीतल्या परवानगीवर गेला. "सूर्यास्त सव्वासहाला हाय."

"अमोनिया पायजे. तांबं त्यालाच भितं. तो हितं डोंगरात कोण ठेवतंय?"

पाणी संपलेलंच होतं, म्हणून तिघं ओढ्याच्या घळीत उतरले. तिथं वारा नव्हता, पण वास होता. आंबूस, गोडसर, डोकं जड करणारा. करवंदीच्या जाळीमागं चार निळी पिंपं, चुलवण आणि काळ्या गुळाच्या ढेपा. हातभट्टी! माणूस कुणी नव्हतं. तीन दिवसांत इथं चार बार ऐकल्यावर थांबणार तरी कोण? पण भोवतालची माती खुरांनी नांगरली होती आणि एका पिंपाचा काठ सुळ्यांनी कुरतडलेला होता.

"म्हंजे आपलं डुक्कर रोज हितं पिऊन वाडीवर जातंय!" शंभूराज म्हणाला.

"आन पाणवठ्यावर दंगा करतंय. गावात काय निराळं घडतं व्हय?" अंकिता म्हणाली आणि तिनं पिंपं लाथेनं आडवी करायला सुरुवात केली.

तात्यांचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या पोत्याकडं होतं. पांढरे खडे. त्यांनी एक जिभेला लावला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"नवसागर! दारूला झटका यावा म्हणून टाकत्यात. ह्यात चुना मिसळला, की अमोनिया सुटतो. आता बघा गंमत."

त्यांनी कमरेची चंची सोडली. आठवडाभराच्या तंबाखूला पुरेल एवढा चुना डबीत होता. चुलीवर पाणी ठेवलं. भट्टीवाल्यांच्या मडक्यात नवसागर, चुना आणि थोडं पाणी पडताच असा भपका उठला, की शंभूराज दोन पावलं मागं जाऊन आईच्या नावानं ओरडला. तिघांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

नळीच्या तोंडाला बूच मारून तात्यांनी मडक्यातलं वरचं निवळ पाणी आत ओतलं. अर्ध्या तासानं ते सांडलं. नळी साफ करायच्या दोरीचं पितळी टोक त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं, नाहीतर त्या पितळातल्या तांब्यानंच अमोनिया निळा झाला असता. सुतळीला चिंधी बांधून ओढली. बाहेर आली ती मोरपंखासारखी निळी!

"हे आजोबांचं," तात्या म्हणाले. दुसरी चिंधी निळी. "हे बापाचं." तिसरी फिकी. चौथी मधेच अडकली. तात्यांनी ओढली, सुतळी तुटली.

तेवढ्यात जाळी फाटली.

डुक्कर! मानेवरचे केस उभे, तोंडाला फेस. आडवी पिंपं आणि मातीत मुरलेली आपली दारू त्यानं पाहिली. मग त्यानं ही माणसं पाहिली.

"बोल्ट! तात्या, बोल्ट द्या!"

"नळीत चिंधी हाय! बार केलास तर नळी फुटंल, तुझ्या तोंडावर!"

"आवं, ते आलं!"

आलंच! डोकं खाली, सुळे पुढं. अंकितानं रिकामं पिंप लाथाडलं. डुकरानं ते उडवलं. शंभूराज रायफल लाठीसारखी धरून मधे उभा राहिला. दहा पावलं. पाच! तात्यांनी दोन्ही हातांनी मडकं उचललं आणि फेकलं.

थाड! सरळ नाकाडावर!

डुक्कर जागच्या जागी बसलं. कोसभरावरचा कंद हुंगणारं ते नाक, आणि त्यात तीन पिढ्यांचं तांबं काढणारा भपका! ते शिंकलं. डुकराची शिंक ऐकलेली माणसं फार नाहीत. करवंदीची पानं झडली, असं तात्या सांगतात. मग ते वळलं आणि चढणीला लागलं.

तात्यांनी चुलवणाजवळच्या गजानं चिंधी ठोकून काढली, उकळतं पाणी नळीतून सोडलं, कोरडी चिंधी आणि तेलाची चिंधी फिरवली. हात पलटणीत होते तसेच चालले. बोल्ट बसला, काडतूस आत गेलं. शंभूराजनं खडकावर कोपर टेकलं. डुक्कर वर कातळाच्या उघड्या सड्यावर अजून शिंकत, अडखळत चाललं होतं. नळी साफ. नेम पक्का. पहिल्यांदाच सगळं जमून आलं होतं.

"खाली ठेवा," अंकिता म्हणाली. "त्यानं शिवेचा दगड ओलांडला. परवानगी सांगलीची हाय. ते साताऱ्यात गेलं."

शंभूराजनं तात्यांकडं पाहिलं. शिवेपलीकडं एक घर नव्हतं. होतं ते नुसतं रान, चार दिवस चाललं तरी न संपणारं.

"ठेव," तात्या म्हणाले. "दारू तुटली, नाक गेलं. परत कशाला येतंय?"

"मग नुसता एक नेम? चिंचोका ठेवू त्या दगडावर..."

"परवानगी डुकराची हाय," अंकिता म्हणाली, "चिंचोक्याची न्हाई."

सूर्य टेकला तेव्हा तिघं बनाबाईच्या ओट्यावर होते. बोचकं दाराशीच होतं. अंकितानं अहवाल लिहिला आणि चहा होईतो मोठ्यानं वाचला, "काडतुसे वापरली चार, शिल्लक एक. हातभट्टी नष्ट केली. सदर डुकरास चुना लावून हद्दीबाहेर घालवण्यात आले."

बनाबाई इतकी हसली, की टाक्यांवर हात धरावा लागला.

"जलमभर लोकास्नी चुना लावलास, गुंड्या," ती म्हणाली, "आज पयल्यांदा कुणाच्या तरी कामी आला!"

मग तिनं बोचकं पायानं आत लोटलं, आणि त्यातून साखरेचा डबा काढला.