भिंतीपलीकडचा पत्ता

ओट्यावरचा फोन थरथरत सरकला, डब्याच्या झाकणाला भिडला, आणि झाकण खाली पडून गोल गोल फिरत राहिलं. आत्ताच कुठे झोपलेल्या बाळाने एक डोळा उघडला. आईने पायाने झाकण दाबून धरलं. श्वासही धरला. बाळ पुन्हा झोपलं.

नकाशाच्या कंपनीत ती रस्त्यांची वर्गवारी करायची. हा हमरस्ता, ही गल्ली, ही पायवाट. कचेरीत तिचं नावच रस्तेवाली पडलं होतं. फोन साहेबांचा होता.

"रुग्णवाहिका उशिरा पोचली आणि दम्याचे एक आजोबा गेले, वाचलंस ना?"

"वाचलं. चालकाला निलंबित केलंय."

"तो म्हणतो, आपल्या नकाशाने त्याला भिंतीपाशी नेलं. उद्या त्याची चौकशी आहे. नोकरी तर जाईलच, वर खटलाही होईल. खरं काय ते शोध."

"सर, माझी सुट्टी चालू आहे."

"म्हणून तर रागवत नाहीये, विनंती करतोय."

तिने नकाशा उघडला. आजोबांच्या घरापुढची गल्ली आता गल्ली नव्हती. कुणीतरी सुचवलं होतं, 'पायवाट, दुचाकीला मोकळी', आणि यंत्राने डोळे मिटून मान्य केलं होतं. सुचवणाऱ्याचं नाव कंपनी ठेवत नसे. पायवाटेवर मोटार जात नाही, म्हणून नकाशा घराच्या जवळात जवळचा मोटारींचा रस्ता शोधणार. तो घराच्या पाठीलाच लागून होता. मध्ये भिंत.

आणि एक गोष्ट खटकत होती. नकाशात रस्त्याचा तुकडा पाडायचा तो चौकात, हे त्यांच्या धंद्यातलं पोरही जाणतं. ही पायवाट गल्लीच्या मध्येच कुठेतरी सुरू झाली होती. तिथे का? उपग्रहाच्या फोटोत तर तिथे काहीच नव्हतं.

तिने बाळ सासूबाईंच्या हातात दिलं.

"जगाचे रस्ते शोधायला निघालीस," सासूबाई म्हणाल्या, "येताना घरचा विसरू नकोस."

चालक स्वतःच्या दारातच पायरीवर बसला होता.

"गल्लीच्या तोंडाशी गेला होतात?"

"नाही. फोन मागच्या रस्त्याने घेऊन गेला. म्हणाला, पत्ता आला. समोर बघतो तर भिंत."

"मग?"

"भोंगा वाजवला. पलीकडून बाईचा आवाज आला. इकडे या, अहो इकडे! हातभर अंतरावर, ताई. वळसा घालून पोचलो तेव्हा ती ओरडायची थांबली होती."

"तुमची बाजू मी मांडते."

"मांडा. पण गाडी मी आता चालवत नाही. त्यांनी कामावर परत घेतलं तरी."

ती गल्लीत शिरली. दोन्हीकडे बंद पडलेली गोदामं, राहतं घर एकच, आणि पुढे एक दुकान. घराच्या थोडं अलीकडे तिचा पाय अडखळला. गतिरोधक. पायवाट सुरू होत होती ती बरोबर इथून.

दुकानदार पोतं डोक्यावर घेऊन धापा टाकत येत होता.

"इथून मोठ्या गाड्या जायच्या?"

"जायच्या? सिग्नल चुकवायला अख्ख्या गावाचे डंपर इथून! मी रोज शिव्या घालायचो."

"आता बंद झाल्या. सुटलात."

"कसला सुटतोय! टेम्पोवर रोज नवा माणूस, तो फोनचं ऐकतो आणि माल भिंतीमागे टाकून जातो. दोन महिने झाले, हमाल झालोय स्वतःच्याच दुकानाचा."

मग ती त्या घरात गेली. आजोबांची मुलगी शिवणकाम करायची. मशीनखाली तिची छोटी लेक गुंड्या रांगेत लावत बसली होती. पलंग खिडकीशी होता, रिकामा. तावदानांच्या फटींत कापडाच्या चिंध्या नीट दुमडून खोचल्या होत्या.

"त्या चालकाला सोडू नका," मुलगी म्हणाली. "माझा बाप तडफडला."

दार वाजलं. दुचाकीवरून एकजण औषधांचा पुडा घेऊन आला होता. "आजोबांची, नेहमीची."

मुलीने पुडा घेतला. तो गेल्यावर म्हणाली, "बंद करा म्हणून सांगायचं राहूनच गेलं."

रस्तेवाली पलंगाच्या कडेला बसली. बोलणं जिवावर आलं होतं.

"गल्लीची पायवाट तुम्ही केलीत."

"मी? अहो, दुकानदार त्या गाड्यांवर रोज दात खात होता!"

"त्याने केली असती तर स्वतःचा टेम्पो आधी वाचवला असता. दुकान पायवाटेवरच आहे. बाहेरच्या माणसाने केली असती तर चौकापासून केली असती. ही गतिरोधकापासून सुरू होते, आणि तो नकाशात नाही, फोटोत नाही. डंपर तिथे आदळला की कुणाची खिडकी हादरायची? या चिंध्या कुणी खोचल्या? आणि जिने मोटारी बंद केल्या, तिने दुचाकी का सोडली?"

मुलीने हातातल्या पुड्याकडे पाहिलं.

"धुळीने त्यांचा दमा वाढायचा," ती हळूच म्हणाली. "डोळा लागला की गाडी आदळायची. दचकून उठायचे, मग तासभर खोकला. फोनवर दोनदा बोट लावलं, झालं. त्या दिवसापासून बाबा दुपारी झोपायला लागले हो. लहान मुलासारखे."

"तुम्हाला कळलं कधी?"

"भोंगा भिंतीमागून वाजला तेव्हाच." तिने पदर तोंडात धरला. "कुणाचा तरी दोष हवा होता. माझा सोडून कुणाचाही. सांगते मी उद्या. त्या चालकाचं घर वाचेल ना?"

"खटला टळेल."

याहून जास्त सांगणं रस्तेवालीला जमलं नाही; चालक तर आता गाडी चालवणारच नव्हता. तिने पिशवी उचलली. गल्ली पुन्हा गल्ली करायला फोनवर दोनदा बोट लावलं की पुरे होतं. मग उद्यापासून डंपर पुन्हा येणार होते, या खिडकीखालून, कुणालाही न उठवता.

मशीनखालून छोटी बाहेर आली आणि तिच्यापुढे उभी राहिली.

"मावशी, नकाशाला आमची गल्ली माहितीये, घरसुद्धा माहितीये. मग आत आजोबा आहेत, हे त्याला माहीत नव्हतं का?"