पत्र्यातला कापूस

यातलं काहीच मी रचलेलं नाही. रचता आलं असतं, तर शेवट बदलला असता.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणतात. ही दुपारी घडली. चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत, निर्मलच्या घाटात.

आम्ही चौघं होतो.

अमृतमामा. मी, विमल. माझी धाकटी बहीण पंचफुला. आणि तिची दोन महिन्यांची मुलगी.

घाटातून जिवंत उतरले ते तिघंच.

आधीच सांगून टाकते. म्हणजे वाचताना तुम्ही उगाच आशा धरणार नाही.

आम्ही धरली होती.

*

पंचू बाळंतपणाला आदिलाबादेजवळच्या बेल्याला, माहेरी आली होती. आता तिला निर्मलला, सासरी पोचवायचं होतं.

मामाकडे जुनी मॅटाडोर होती. पूर्वी ती गावोगाव जाहिराती करत फिरायची. मामाने पाट्या काढल्या, आत झोपायला फळ्या ठोकल्या, स्टो ठेवला, पडदा लावला. सुट्टी लागली की कुठल्यातरी झाडाखाली गाडी लावायची आणि मुक्काम ठोकायचा, हाच त्याचा शौक. गाव हसायचं.

"हसा लेकहो," मामा म्हणायचा. "तुमचं घर एका जागी सडून राह्यलं. माझं फिरून राह्यलं."

एकच खोड होती. पाट्यांचे बोल्ट निघाले तिथे पत्र्याला बोट जाईल एवढी भोकं राहिली होती. थंडीत त्यातून वारा शिरायचा.

पण बेल्यात कापसाला काय तोटा? निघायच्या सकाळी मामाने एकेका भोकात कापसाचा बोळा दाबून बसवला. दाराच्या फटीतसुद्धा.

"पाह्य पंचे, आता हवेला बी आत यायचं तं मले इचारा लागते."

"मामा, हे गाडी होय का लोणच्याची बरणी?"

आईने शेगडी दिली. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी असायचीच. शेकल्याशिवाय बाळाला कोणी निजवत नसे.

"अमृत, धूर गेल्याबिगर शेगडी आत घेऊ नको बरं. लेकराचे डोळे जातीन."

धूर गेला की निखारा निर्मळ. आईला तिच्या आईने हेच शिकवलं होतं.

धुराला आम्ही सगळेच भीत होतो.

धूर नसला की... कोणीच नाही.

*

घाट लागला आणि आभाळ काळं झालं. मग गारा. समोरचा रस्ता दिसेना.

मामाने गाडी रस्त्यापासून आत, सागाच्या झाडांत घेतली. जवळपास घर नाही. माणूस नाही. जनावरसुद्धा नाही.

बाळ थंडीने निळं पडायला लागलं होतं.

"मामा, काही तरी करा ना जी," पंचू रडकुंडीला आली.

मामाने झाडाखाली छत्री धरून शेगडी पेटवली. धूर संपेपर्यंत थांबला. निखारे लालबुंद झाले, तेव्हाच आत आणली.

दार लागलं.

फटीतला कापूस त्याने परत नीट दाबला.

पंचू बाळाला घेऊन पत्र्याच्या बाजूला आडवी झाली. बाळ तिच्या आणि पत्र्याच्या मधे. बाळाच्या तोंडाशी एक भोक, बुजवलेलं.

थोड्या वेळाने ती मला म्हणाली, "बाई, डोकं जड होऊन राह्यलं."

"घाटाचं वळण बाधलं असन," मामा म्हणाला. त्यालाही जांभया येत होत्या. "नीज जरा."

गारा थांबल्या. बाहेर सगळं पांढरं झालं असणार. गारांचा जाड थर. त्यावर कोणी चाललं असतं, तर करकर आवाज आला असता.

हे लक्षात ठेवा.

*

पहिला आवाज...

आवाज म्हणता येणार नाही. बाटलीचं बूच निघावं तसं काहीतरी.

पत्र्यात एक उजेडाचा ठिपका दिसला. बाळाच्या तोंडाशी.

तिथला कापूस गेला होता. आत पडला नव्हता. बाहेर गेला होता.

"माकड असन," मामा म्हणाला. "घाटात लई माकडं." त्याने वाकून नवा बोळा बसवला.

परत तेच. परत उजेड.

मामाने परत बुजवलं. "कोण हाय बे?" तो ओरडला.

आम्ही कान दिला.

कोणी चाललं नाही. करकर नाही. काहीच नाही.

"उघडू नका मामा," मी म्हणाले. "जे काय असन ते बाहेर राहू द्या."

तिसऱ्यांदा भोक उघडलं. बोळा घेऊन मामा वाकला... आणि तसाच खाली बसला. डोकं गुडघ्यावर. उठला नाही.

मी हाक मारली. म्हणजे मारायला गेले.

तोंडातून आवाज निघाला नाही.

पाय हलेनात. माझेच पाय, माझ्याच समोर पडलेले.

पंचूकडे पाहिलं. तिचे गाल लाल झाले होते. लग्नातही इतकी सुंदर दिसली नव्हती ती.

"थंडी गेली बाई," ती पुटपुटली.

मग त्या भोकातून आत आलं...

एक बोट.

बारीक. सुरकुतलेलं. नखाशी काळं.

हळूच आलं आणि थांबलं.

बाळ जागं होतं. रडत नव्हतं. त्याने मूठ उघडली आणि ते बोट धरलं, लहान बाळं धरतात तसं. बोट थोडं मागे गेलं. बाळाचं तोंड त्याच्यासोबत भोकाकडे वळलं.

मला ओरडायचं होतं, सोड.

मला ओरडायचं होतं, सोड गं, सो

पंचूचा हात उचलला गेला बाळावरून पत्र्याकडे भोकाकडे तिच्या हातात कापूस

मग

*

"अरे अंदर कौन है? दरवाजा खोलो!"

तो लॉरीवाला होता. नलगोंड्याकडचा. त्यानेच पहारीने दार उचकटलं आणि आम्हाला निर्मलच्या दवाखान्यात नेलं.

बाळ रडत होतं.

मामा ओकत होता.

पंचू नव्हती.

डॉक्टर शांतपणे बोलले. कोळशाचा वायू. त्याला धूर नसतो, वास नसतो. बंद जागेत आधी डोकं जड होतं, मग हातपाय जातात, मग माणूस. थोडी फट ठेवली असती, तरी फरक पडला असता. पेटती शेगडी बंद गाडीत न्यायचीच नव्हती.

मी बोटाबद्दल सांगितलं.

"वायूने असे भास होतात," ते म्हणाले.

असतील. मी ते मान्य केलं.

पण मग लॉरीवाल्याने विचारलं, "तुम्हारी रुई किधर की है?"

तो थांबला होता तो कापूस पाहून. रस्त्याच्या कडेला, गारांवर, एक बोळा. थोडं पुढे अजून एक. मग अजून एक. थेट आमच्या गाडीपर्यंत. कुठल्यातरी गाडीतून कापूस सांडला असेल, म्हणून तो पाहायला झाडांत शिरला.

"गीली नहीं थी," तो म्हणाला. एवढ्या गारांत, कोरडा कापूस.

गारांवर पाऊल? त्याच्या स्वतःच्या पावलांशिवाय एकही नाही.

पंचूची मूठ दवाखान्यात उघडली. आत कापूस होता.

तिथेच मी अडकले आहे. पंचवीस वर्षं.

ती शेजारच्या भोकातला कापूस काढत होती, की लेकराला वारा लागतो म्हणून हे भोक परत बुजवत होती?

बाहेर कोणीतरी होतं. ते काढत होतं. आणि आम्ही, आतले सगळे शहाणे, बुजवत होतो.

मामाने ती गाडी परत कधी उघडली नाही. शेतात उभी राहिली, गंजून गेली. मरेपर्यंत तो दार उघडं टाकून झोपायचा. थंडीतही.

*

इथे संपायला हवं होतं.

बाळाचं नाव खेमा ठेवलं. मी वाढवलं. तिचं लग्न आदिलाबादेत झालं. दोन हजार नऊच्या जानेवारीत तिला मुलगा झाला.

तिच्या सासूबाईंना, जयवंताबाईंना, मी बजावून बजावून सांगितलं होतं. शेगडी नको. लागलीच तर खिडकी उघडी. त्या हो म्हणाल्या होत्या.

मी बाळाला पाहायला गेले. कडाक्याची थंडी, सकाळची वेळ. जयवंताबाई अंगणात डाळ निवडत बसल्या होत्या.

"खेमा कुठं आहे?"

"निजली हाय लेकराजवळ. शेक देला, दार लावलं."

"शेगडी?"

"धूर गेल्यावरच आत नेली वो. एवढं कळते मले. बाहेरच्या दाराची खालची फट बी बुजवली गोधडीनं, आतून. मग मधल्या दारानं आली, ते बी लावलं."

मी धावले. कशी धावले, ठाऊक नाही.

ते बाहेरचं दार दोन बोटं उघडं होतं.

गोधडीचा बोळा बाहेर, पायरीवर पडला होता. घडी घातल्यासारखा.

"म्या तं दाबून बसवला होता," जयवंताबाई मागून म्हणाल्या. "घरात तिसरं कोणी नाही वो."

मी दार पूर्ण उघडलं, खिडकी उघडली, शेगडी उचलून अंगणात फेकली. हात भाजला. खेमा डोकं धरून उठली. "मावशी, काऊन ओरडून राह्यली?"

जिवंत होती.

बाळ जागं होतं. रडत नव्हतं. त्याचं तोंड दाराकडे वळलेलं. एक हात पुढे, मूठ मिटलेली.

बोटांच्या फटीत काहीतरी पांढरं दिसत होतं.

दूध असेल. लहान बाळं दूध ओकतात, हाताला लागतं.

मी मूठ उघडून पाहिली नाही.