आखातावरचा काटा

सुरतेत प्लेग आला, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलचे मालक रमणिकशेठ यांनी नवंकोरं विमान घेतलं आणि ते चालवायला कॅप्टन आनंदा सोनवणेला ठेवलं. आनंदा अमळनेरचा, हवाई दलातून निवृत्त झालेला. भीती म्हणजे काय, हे त्याने दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरच पाहिलेलं.

विमान देखणं, पण एक खोड काही केल्या जाईना. खाली जमीन किती फुटांवर आहे, हे सांगणारं एक यंत्र विमानाच्या पोटात असतं. जमीन फार जवळ आली की कॉकपिटमध्ये एक रेकॉर्ड केलेली बाई ओरडते, "पुल अप!" ही बाई भर खंबातच्या आखातावर, पाच हजार फुटांवर ओरडायची. खाली नुसतं पाणी! दोनदा यंत्राची पेटी बदलली. हँगरमध्ये तपासलं की यंत्र अगदी शहाण्यासारखं वागायचं.

त्या दिवशी शेठ मुलीचा साखरपुडा उरकून भावनगरहून परतत होते. यंत्राची खोड प्रत्यक्ष पाहायची म्हणून सुशांत नावाचा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर आनंदाशेजारी बसला होता. ऊन कलतं झालं होतं. आखात तव्यासारखं सपाट पसरलेलं.

"बाईचा आवाज बंद करून टाकतो," आनंदा हसत म्हणाला आणि त्याने बटण ओढलं. "उगाच शेठची झोपमोड नको."

"यंत्राचा काटा मात्र चालू ठेवा, साहेब," सुशांत म्हणाला.

हे यंत्र अडीच हजार फुटांपर्यंतच मोजतं; एवढ्या उंचीवर काटा तबकडीवरच्या पडद्याआड दडलेला असायला हवा. निम्मं आखात ओलांडलं आणि तो अलगद बाहेर आला. दोन हजार. पंधराशे. नऊशे.

आनंदाने खाली पाहिलं. पाणी होतं तिथेच, खूप दूर. त्याने शांतपणे विमान वर घेतलं. काटा आणखी उतरला.

"आपण चढतोय ना?" सुशांतने हळूच विचारलं.

"चढतोय."

"मग हे... आपल्या मागोमाग चढतंय."

तेवढ्यात इंजिनांचा आवाज बदलला. धावपट्टीला टेकण्याआधी जमिनीवरून परततो, तसला जड घुमारा खालून येऊ लागला. हवेच्या झडपेतून वास आला. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या गाळाचा, गार, खारट वास. काटा चाळीसवर येऊन थांबला.

"काय व्हयनं हे..." आनंदाच्या तोंडून घरची बोली निसटली. पण त्याने विमानाचं नाक सरळ सुरतेकडे धरलं, वेग वाढवला. तापीचं मुख दिसलं, मगदल्ल्याची धावपट्टी दिसली. किनारा ओलांडताच घुमारा तुटला आणि काटा पडद्याआड गेला. सुशांतने कपाळ पुसलं.

आनंदाने विमान फुलासारखं टेकवलं. इंजिनं बंद केली. मागे शेठ जांभई देत उठले, दार उघडून शिडी उतरू लागले.

"पाहिलंस? सुखरूप आणलं की नाही?" आनंदा म्हणाला. सुशांत काट्याकडे बघत होता.

चाकं सिमेंटवर होती. काटा शून्यावर हवा होता. तो शंभरावर होता, आणि चढत होता. दोनशे. पाचशे.

"शेठ, थांबा! उतरू नका!" आनंदा आयुष्यात पहिल्यांदा किंचाळला.

शेठ उतरले होते. खिडकीतून ते स्वच्छ दिसत होते. शिडीपाशी, दोन हातांच्या अंतरावर, मावळत्या उन्हात हसत उभे.

"आवो ने, कॅप्टनसाहेब!" त्यांनी हात हलवून हाक मारली.

त्यांचे ओठ समोर हलले. हाक मात्र खूप, खूप खालून आली.