हरलेल्यांचा चहा

धम्मदीपा दुधाची कॅन घेऊन स्टेडियमवर आली तेव्हा सूर्य डोक्यावर होता, आणि कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं. फुटबॉलची फायनल दुपार कलल्यावर होती. तोवर आलं कुटायचं, आलूबोंड्याचं सारण मळायचं, कप मांडून ठेवायचे. रोजचंच काम.

मंगरूळच्या या ग्राउंडाचा आता पार कायापालट झाला होता. पूर्वी जिथं बाभळी आणि बकऱ्या असायच्या, तिथं सिमेंटची गॅलरी उभी राहिली होती. गॅलरीच्या पोटात खाण्यापिण्याचे गाळे. एकसारखी शटरं, एकसारख्या पाट्या, स्टीलचे ओटे. स्टेडियम समितीचे नियमही तसेच चकचकीत. गॅस नाही, चूल तर नाहीच, फक्त विजेची शेगडी. काचेचे ग्लास नाहीत, कागदी कप. गाळे चिठ्ठ्या टाकून वाटले, आणि अगदी कोपऱ्यातला गाळा धम्मदीपाला निघाला, तेव्हा बाकीच्यांनी 'सुटलो बाप्पा' म्हणून एकमेकांकडे पाहिलं. तिचं तिकडं लक्षच नव्हतं. बसस्टँडजवळच्या हॉटेलात दुसऱ्याच्या कढईपुढं उभं राहायची नोकरी सोडून ती आली होती. स्वतःच्या नावाची पाटी बघून ती इतकी हरखली होती, की त्या गाळ्यात वाघ बांधलेला असता तरी तिनं त्याला बाजूला सरकायला सांगून भजी तळली असती.

वाघ नव्हता, पण काहीतरी होतं खरं.

पहिल्या दिवशी सगळं छान चाललं होतं. हाफटाइमची शिट्टी झाली, पाहुण्यांसाठी चहा ठेवला, आणि पातेलंभर दूध फाटलं. उन्हाळा लागतोय, होतं असं, म्हणून तिनं हसून सोडून दिलं. सेमीफायनलला दुसऱ्या गवळ्याचं दूध आणलं, शिट्टी झाली, तेही फाटलं. त्याच कॅनमधलं उरलेलं दूध तिनं घरी नेऊन तापवलं तर त्यावर जाड साय आली! समितीचे सचिव दौलतसिंग मिशीवरून हात फिरवत म्हणाले होते, "पोरी, उद्या फायनल हाय. मोठे पाहुने येतीन. उद्या जर चहा फाटला, तं गाळा मी दुसऱ्याले देईन. मंग नाराज नोको होजो."

धम्मदीपा त्या रात्री नीट झोपली नाही. हॉटेलवाल्यानं तिला निघताना बजावलंच होतं, की परत दारात येऊ नको.

शेजारच्या गाळ्यातल्या हरीओमकडं मात्र प्रत्येक गोष्टीवर इलाज होता. त्याच्या शटरला लिंबू-मिरची, समोशाच्या कढईलाही लिंबू-मिरची. तो सेमीफायनलच्या संध्याकाळीच तिला कुजबुजत म्हणाला होता, "तुह्या गाळ्याच्या जागी भिवाजीची टपरी होती. तीस-चाळीस वर्सं त्यानं इथं चहा पाजला. मेला तोई इथंच, चुलीपाशी बसल्या बसल्या. त्याले एक कप चहा ठेवून दे व बाई, गप राहीन."

धम्मदीपाच्या घरात भूत हा शब्द काढायलाही बंदी. तिचे वडील शेषराव, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, असल्या गप्पा ऐकल्या की खाली उतरा म्हणून बेल मारायचे. पण गाळा जायची वेळ आली की माणूस वडिलांना न विचारता बरंच काही करतो. तिनं शटर ओढायच्या आधी ओट्यावर एक कप चहा ठेवला, इकडंतिकडं बघितलं, आणि चोरासारखी घरी गेली.

आता फायनलच्या भर दुपारी तिनं शटर वर केलं. कप पालथा होता. चहा सांडलेला नव्हता. कुणीतरी तो नीट मोरीत ओतला होता, ओटा पुसला होता, आणि कप मधोमध पालथा घालून ठेवला होता.

ती तिथंच उभी राहिली. अख्खं स्टेडियम रिकामं. गोलच्या जाळ्या हलत नव्हत्या, गॅलरीच्या पायऱ्या उन्हात पांढऱ्याफटक पडल्या होत्या. इतकं शांत, की स्वतःचा श्वास मोठा वाटावा. मग हळूहळू वास आला. धुराचा. तोही लाकडाचा नव्हे, पऱ्हाटीचा. कपाशीच्या वाळक्या काड्या चुलीत सारल्या की येतो तसा, जरासा कडवट. तिनं शेगडीकडं पाहिलं. बटण बंद, तवी गार. ओट्याखालून मात्र काड्या मोडल्याचा आवाज आला. कट्... कट्... आणि त्याच्यामागून, अगदी घरगुती असा, बादलीत काचेचे ग्लास विसळल्याचा.

तिच्या गाळ्यात काचेचा एकही ग्लास नव्हता.

"कोन हाय...?" तिनं विचारलं. आवाज थांबला. कुणीतरी ऐकायला थांबावं, तसा थांबला.

धम्मदीपा धावत सुटली ती थेट गेटपाशी, डबा घेऊन येणाऱ्या शेषरावांच्या अंगावर आदळली.

"काय झालं व? गाळ्यात मांजर शिरली का?"

तिनं सगळं सांगून टाकलं, चोरून ठेवलेल्या कपासकट. आता बेल वाजणार म्हणून मान खाली घातली. पण शेषराव रागावले नाहीत. पालथ्या कपाचं ऐकून ते चक्क हसायला लागले.

"भिवाजीले चहा ठेवला? अवं येडे, थो चहा पेतच नोता! जलमात कधी पेला नाई. कोनी आग्रह केला तं मोरीत ओते अन् कप पालथा घाले. म्हने, ज्यानं बनवला त्यानं पेऊ नये, दुसऱ्याले कमी पडते."

"मंग दूध काहून फाटते, बाबा?"

शेषरावांनी डबा खाली ठेवला. "भूत-बीत काई नसते," ते आधी म्हणाले, म्हणजे तेवढं नोंदवून ठेवलं. "पन भिवाजीचा एक कायदा होता. हाफटाइमले पयला चहा हारून राह्यलेल्या टीमले. त्याच्यातई पयला गोलकीपरले. तोवर पाटील येवो का तहसीलदार, त्याले घोट भेटे नाई. मी गोली होतो ना तवा. एका मॅचले तीन गोल खाल्ले. सारं गाव शिव्या देऊन राह्यलं होतं. मी टीमपासून दूर, पार टोकाले जाऊन एकटाच बसलो. वाटे जमीन फाटावी. तं हा मानूस काचेचा ग्लास घेऊन आला, बाजूले ठेवला, म्हने, 'जिंकनाऱ्याच्या अंगात ऊब असतेच रे. तू पे.' " शेषरावांनी डबा उचलून तिच्या हातात दिला. "तू पाहुन्याइले पयले देतं. त्याले आवडलं नसतं, एवढंच सांगतो."

चार वाजेपर्यंत स्टेडियम तुडुंब भरलं. मंगरूळ विरुद्ध रिसोड. पिपाण्या, ढोल, हरीओमच्या समोशांवर झुंबड. मंगरूळनं दोन गोल ठोकले तेव्हा गॅलरी हलते की काय असं वाटलं. हाफटाइमची शिट्टी झाली, आणि दौलतसिंग पाहुण्यांना घेऊन थेट कोपऱ्यातल्या गाळ्यासमोर उभे राहिले.

धम्मदीपानं पातेलं शेगडीवर ठेवून बटण दाबलं. दुधावर बारीकशी थरथर उठली. मागच्या दोन्ही वेळा ते फाटलं होतं ते नेमकं याच क्षणी. पाहुण्यांना आधी द्यावं तर दूध जाणार. रिसोडच्या पोरांना आधी द्यावं तर दौलतसिंग गाळा काढून घेणार, आणि वरून अख्खं मंगरूळ शिव्या घालणार. तिनं एकदा आपल्या नावाच्या पाटीकडं पाहून घेतलं. मग ओट्यावर पळी आपटली.

"ओ रिसोडवाले! इकडे या! पयला चहा हारनाऱ्याइले! कोन हाय गोली? थो पयले!"

दौलतसिंगांची मिशी थरथरली. "धम्मदीपा, काय करून राह्यली तू? पाहुने..."

"पाहुन्याइले बी देतो, साहेब. पयले भिवाजीचा कायदा."

त्या नावासरशी गॅलरीतला कुणी म्हातारा ओरडला, "बराबर हाय पोरीचं!" मग दुसरा, मग चार-पाच पिकल्या मिशा. आणि पातेल्यातला चहा एकदम वर आला, दाट, तांबूस, फेसाळ. रिसोडचा गोलकीपर मान खाली घालून आला, कप घेतला, एक घोट घेतला आणि मान वर केली. धम्मदीपाला आयुष्यात कुणाचा चेहरा बघून इतका आनंद झाला नव्हता. त्यानंतर तिला वर बघायला फुरसत मिळाली नाही. ती ओतत होती, लोक पीत होते, पाहुणे दुसऱ्यांदा मागत होते, "वा! चुलीवरचा चहा!" म्हणत होते. शेषराव साखर टाकत होते आणि फुशारकी मारत होते.

रिसोडनं नंतर दोन्ही गोल फेडले. पेनल्टीवर मंगरूळ कसंबसं जिंकलं. हरलेली पोरंही हसत हसत पुन्हा चहाला आली. दौलतसिंग गर्दी ओसरल्यावर ओट्याशी आले.

"गाळा तुहाच," ते म्हणाले. "पन एक सांग. हाफटाइमच्या पयलेच गाळ्याइची सारी लाइन गेली होती. हरीओमचे समोसे थंडे राह्यले, शरबतवाल्याचा फ्रिज बंद पडला. आता कुठं लाइट आली. तुहा चहा कायच्यावर उकळला?"

धम्मदीपानं पातेलं उचलून तिरपं केलं. नवंकोरं पातेलं खालून काळंकुट्ट होतं. काजळी बोटाला लागली. शेषरावांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, तारेच्या घासणीनं चांदीसारखं लखलखीत घासलं, आणि पालथं घातलं. धम्मदीपानं शटर ओढलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. घरी जाताना बापलेक सगळा रस्ता हसत होते. हरीओमनं तर आपल्या लिंबू-मिरच्या काढून तिच्या पाटीला हार म्हणून घालायची तयारी दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी सामना नव्हता. सकाळी थंडीचा शेवटचा गारवा होता. उरलेलं सामान न्यायला दोघं आले तेव्हा माळी गोलच्या जाळ्या सोडत होता. धम्मदीपानं कुलूप काढून शटर वर केलं.

पातेलं सुलटं होतं, शेगडीवर. खालून काळं. तळाशी चहाची ओलसर पत्ती.

"बाबा..." ती हळूच म्हणाली, "आज तं कोनी खेळलंच नाई. मंग हारलं कोन?"

शेषराव समोर गॅलरीच्या खालच्या पायरीकडं बघत होते. तिथं सिमेंटवर ग्लासांचे ओले गोल ठसे उमटले होते, ओळीनं, खांद्याला खांदा लावून टीम बसावी तसे. एकच ठसा बाकीच्यांपासून दूर होता. पार टोकाला.

शेषराव तिथवर गेले, वाकले, आणि त्या ठशावर तळवा टेकवला. लगेच मागे घेतला. रात्रभर गारठलेल्या त्या पायरीवर तेवढी जागा अजून गरम होती.