वीस मिनिटं डोळे मिटून

"पंखा का बंद केलाय? गिऱ्हाइकाला उकडून मारायचं ठरवलंय का?"

दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या कुणी असं बोललं की माझं डोकंच फिरतं. हेडफोन एका कानावरून सरकवून मी वर पाहिलं. काउंटरपलीकडे एक उंच माणूस रुमालाने मान पुसत उभा होता. काखेत कापडात गुंडाळलेला जड डबा, शर्टाच्या खिशाला दोन चष्मे लटकवलेले आणि तिसरा, चांगला जाड भिंगांचा, नाकावर.

"पंख्याचा आवाज होतो," मी म्हटलं. "आम्ही इथे शांतता विकतो."

"अरे वा. मग मला थोडी बांधून द्या. आमच्या घरात अजिबात नाहीये."

मी हसले नाही. म्हणजे हसू आलं होतं, पण त्याला दाखवलं नाही.

त्याने डबा काउंटरवर ठेवून कापड सोडलं. आत जुना प्रीअँप होता, रेकॉर्डच्या सुईकडून येणारा बारीक आवाज मोठा करून पुढे पाठवणारा. वरची जाळी काढली तर आत बोटाएवढ्या काचेच्या तीन नळ्या एका ओळीत उभ्या होत्या. यांनाच व्हॉल्व्ह म्हणतात. बाकी जगात त्यांची सद्दी कधीच संपली, पण ज्यांना त्यांच्या आवाजाची गोडी लागलीय ती मंडळी आमच्याकडे येतात.

"आईचा आहे," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी तिची रेकॉर्ड लागते. आता गाण्याआधी खरखर, गाण्यानंतर खरखर आणि मधल्या वेळात आईची कटकट."

"पहिल्या जागेवरचा गेलाय," मी काचेवर नख टेकवून म्हटलं. "तिथे सगळ्यात शांत व्हॉल्व्ह लागतो. तो जरा जरी कुजबुजला ना, तरी पुढचे दोघं तेच ओरडून सगळ्यांना सांगतात."

"म्हणजे आमच्या नातेवाइकांसारखं."

आता मात्र मला हसू आवरलं नाही. आतून काकांच्या खोकल्याचा आवाज आला, तशी मी सावरून बसले.

काका म्हणजे दुकानाचे मालक. माझे सख्खे कुणी नव्हेत, पण सहा वर्षांपूर्वी मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हापासून काकाच. चाळीस वर्षं त्यांनी कानाने व्हॉल्व्ह निवडले. मागच्या बाजूला त्यांची लाकडी खुर्ची होती, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. तिच्यावर बसून ते एकेक व्हॉल्व्ह ऐकायचे. मला वाटायचं, प्लग तिकडे आहे म्हणून खुर्ची तशी असेल. हल्ली मात्र ती रिकामीच असायची. काकांना बोललेलं सगळं ऐकू यायचं, पण केसाएवढी बारीक खरखर त्यांच्या कानातून निघून गेली होती. म्हणून निवडीचं काम मी काउंटरजवळच्या स्टुलावर बसून करत होते. महिनाअखेरीला ते ठरवणार होते, एक तर खुर्ची मला द्यायची, नाहीतर निवडीचं कामच बंद करून नुसती खोकी विकायची. मला ती खुर्ची हवी होती. इतकी हवी होती की रात्री स्वप्नात मी तिची गादी शिवत असायचे.

खरं तर मी एका जागी टिकणारी मुलगीच नव्हे. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे. जेवताना उठेन, बोलताना येरझाऱ्या घालेन, झोपेतसुद्धा पाय हलवेन. पण हेडफोन लावले की कशी कोण जाणे, मी शांत व्हायचे. काकांचा नियम होता, व्हॉल्व्ह लावायचा, पेन्सिलीच्या रबराने हलकेच दोन टिचक्या मारायच्या, आणि मग वीस मिनिटं डोळे मिटून ऐकायचं. काही व्हॉल्व्ह तापेपर्यंत गुणी बाळासारखे गप्प असतात आणि मग हळूच खरखरतात. डोळे मिटायचेच, कारण डोळे उघडले की कान सुट्टीवर जातात, असं काका म्हणायचे.

"वीस मिनिटं थांबावं लागेल," मी त्याला सांगितलं.

"थांबतो. बोललं तर चालेल?"

"नाही."

"आणि... बघितलं तर?"

मी ऐकूच न आल्यासारखं करून गजर लावला आणि डोळे मिटले.

सात-आठ मिनिटं गेली असतील. हेडफोनमध्ये नुसती स्वच्छ, काळोखी शांतता होती. आणि मला... मला स्वस्थ बसवेना. हाताला चैन नाही, मानेला चैन नाही. एकदाच, फक्त एकदाच बघते, असं म्हणत मी डोळे उघडले.

तो बाकावर बसला होता. उकाड्याने भिंगांवर वाफ धरली म्हणून चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होता. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा अगदी वेगळा दिसला, नुकताच झोपेतून उठल्यासारखा. त्याने माझ्या दिशेने पाहिलं आणि डोळे बारीक केले. त्याला काहीएक दिसत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. मग काय, मी बघतच राहिले. पुसून झाल्यावर त्याने चष्मा चढवला की मी डोळे मिटायचे, भिंगांवर वाफ आली की उघडायचे. कपाळावरची बट, उगाचच ताल धरणारा अंगठा... गजर वाजला तेव्हा मी दचकले.

"पास?" त्याने विचारलं.

"पास," मी म्हटलं आणि खोक्यावर पेन्सिलीने माझी खूण केली.

आठ दिवसांनी तो परत आला. खोकं काउंटरवर ठेवून म्हणाला, "तुमचा हा शहाणा कुजबुजतोय."

काका बघत होते. सहा वर्षांत माझी खूण केलेला एकही व्हॉल्व्ह परत आला नव्हता. तो गेल्यावर मी व्हॉल्व्ह पुन्हा लावला, या वेळी डोळे गच्च मिटून. सोळाव्या मिनिटाला ती आली, वाळूत कुणी बोट फिरवावं तशी खरखर. म्हणजे त्या दिवशीही ती आलीच असणार, आणि मी एका माणसाची बट बघत बसले होते. काकांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी खोकं उचललं आणि खुर्चीच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं.

दुसरा व्हॉल्व्ह मी एकदा नव्हे, तीनदा ऐकला होता. ठार शांत. तोही आठ दिवसांनी परत आला.

"खरखर?" मी विचारलं.

"थोडीशी... म्हणजे अगदी बारीक," तो खिशातले चष्मे चाचपत म्हणाला. "तुम्ही कशा आहात?"

"माझं सोडा. केव्हा येते खरखर? सुरुवातीला की तापल्यावर?"

"संध्याकाळी."

"संध्याकाळी?"

"हो, संध्याकाळी जास्त." त्याने घाईघाईने विषय बदलला. "माझ्या चष्म्याच्या दुकानात उलटं असतं. लोकांना दिसत नसतं आणि ते दिसतं म्हणून सांगतात. तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात. एक आजोबा तर तक्ता लावायच्या आधीच वाचायला लागले."

एरवी मी खो खो हसले असते. त्या दिवशी ओठ नुसते हलले. परत आलेला व्हॉल्व्ह मी दोन तास ऐकला. काही नाही! मला ऐकू येत नाही म्हणजे खरखर नाहीये, की खरखर आहे आणि मलाच ऐकू येत नाहीये? घरी मी भिंतीवरच्या घड्याळापासून पाऊल पाऊल मागे सरकत टिकटिक कुठवर ऐकू येते ते मोजायला लागले. आई हाक मारायची तर मी विचारायचे, "आई, आत्ता तू हळू बोललीस की नेहमीसारखी?" तिला वाटलं, मला ताप आलाय. फळीवर आता दोन खोकी झाली होती आणि महिना संपायला चार दिवस उरले होते.

आणि मग तो तिसऱ्यांदा परत आला. या वेळी रिकाम्या हाताने. "तिसराही जरासा..." एवढंच बोलला.

काकांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "पोरी, तू याच्या घरी जा आणि तिथेच ऐकून ये."

"नको, नको!" तो एकदम उठला. "मी आणून देतो ना. उगाच त्यांना त्रास..."

"त्रास कसला? निवड तिची आहे," काका म्हणाले.

संध्याकाळी मी पत्ता शोधत गेले. जिने चढताना हेडफोनची पिशवी या हातातून त्या हातात करत होते. दार त्याच्या आईने उघडलं. तो अजून दुकानातून आला नव्हता.

"ये, ये, आत ये. तूच का ती व्हॉल्व्हवाली?" त्या इतक्या मोकळेपणाने हसल्या की मला अवघडल्यासारखं झालं. "अगं, काय निवडलायस! सुई टेकेपर्यंत मला वाटतं मशीन बंदच आहे."

"हा तिसरा ना?"

"हा काय आणि त्याच्या आधीचा काय, दोन्ही तसेच. पहिला तेवढा कुरकुरत होता. दुसरा चांगला चालला असताना यानं का काढून नेला, देव जाणे. विचारलं तर म्हणतो, तुला नाही कळायचं."

मी प्रीअँपसमोर जमिनीवर बसले, हेडफोन लावले आणि डोळे मिटले. शांतता... विसाव्या मिनिटापर्यंत तीच स्वच्छ, काळोखी शांतता. माझे कान शाबूत होते. मला रडू येत होतं आणि अंगाचा तिळपापडही होत होता. हेडफोन काढले तर तो दारात उभा होता. त्याच्या आईने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि त्या वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने गच्चीवर गेल्या.

"संध्याकाळी जास्त येते म्हणे खरखर," मी म्हटलं.

"पहिला खरंच खरखरत होता," तो हळूच म्हणाला. "शपथ. पण दुसरा... दुसरा शांत निघाला. आठ दिवस वाट बघितली. मग माझ्या लक्षात आलं, आता परत यायला मला काही कारणच उरलं नाही."

"म्हणून खोटं बोललात?"

"दुसरं काही सुचलं नाही."

"तुमचं चष्म्याचं दुकान आहे ना? अक्षरं अंधुक दिसतायत का म्हणून विचारलं असतं, तर डोळे धडधाकट असून मी आले असते!" हे तोंडातून निघून गेलं आणि माझे कान तापले, पण राग काही उतरेना. "तुम्हाला कल्पना आहे का? मी आठ दिवस घड्याळाची टिकटिक मोजत हिंडतेय. माझ्याकडे दुसरं काय आहे? हे दोन कान, आणि एक खुर्ची, तीही अजून मिळालेली नाही. तुमच्या गमतीपायी ती जायची वेळ आली."

त्याचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं. तुला... तुम्हाला एवढं... मी काय करू, सांगा."

"उद्या काकांसमोर येऊन खरं सांगायचं."

तो आला. दुकान उघडायच्या आधीच पायरीवर उभा होता, आणि एकच चष्मा होता, नाकावरचा. त्याने काकांना सगळं सांगितलं. सांगताना कान लाल झाले होते, पण आडपडदा ठेवला नाही.

काकांनी फळीवरून दोन्ही खोकी काढली. दुसरं माझ्या पुढ्यात सरकवलं. पहिलं हातातच ठेवलं.

"हे झालं दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं. आणि हा पहिला?"

तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने काकांकडे वळून अगदी सहज सांगितलं, "तोही मी उगाच परत आणला. तोही चांगलाच होता."

काकांना ती खरखर ऐकू येणार नव्हती. इथे दुसरा साक्षीदार नव्हता. मी नुसती गप्प बसले असते तरी खुर्ची माझी होती. एका क्षणात तिच्यावरची गादीसुद्धा डोळ्यांपुढे आली... पण ही खुर्ची खऱ्याला खरं म्हणण्यासाठीच तर होती. तिच्यावर बसायचं आणि पहिल्याच दिवशी खरखरीला शांत म्हणायचं, हे मला जमेना.

"नाही काका," मी म्हटलं. "पहिला खराबच आहे. सोळाव्या मिनिटाला येते खरखर. मी नंतर ऐकली, आणि तुम्हाला सांगितलं नाही. त्या दिवशी ऐकू आली नाही, कारण... त्या दिवशी माझे डोळे उघडे होते."

"कुणाकडे बघत होतीस?"

माझी नजर आपोआप त्याच्याकडे वळली. कळायचं ते सगळ्यांना कळलं. तो बिचारा चष्मा काढून पुसायला लागला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

काकांनी खोकं डोळ्यांजवळ नेऊन माझी खूण पाहिली. मग विचारलं, "माझी खुर्ची भिंतीकडे का ठेवलीय, सांग बघू."

"प्लग तिकडे आहे म्हणून."

"प्लग मी नंतर बसवला." त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "तुझी काकू पहिल्यांदा आली ती रेडिओ घेऊन, गिऱ्हाईक म्हणून. समोरच्या बाकावर बसली. त्या महिन्यात माझे चार व्हॉल्व्ह परत आले."

त्यांनी पहिलं खोकं टोपलीत टाकलं, खुर्चीवरची धूळ पंच्याने झटकली आणि मला म्हणाले, "बस. आजपासून काउंटरकडे तोंड करून काम करायचं नाही."

मी बसले. खुर्ची स्वप्नातल्यापेक्षा कडक होती. नवा व्हॉल्व्ह लावला, दोन टिचक्या मारल्या, हेडफोन गळ्यात अडकवले. काका पंखा बंद करून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

"मी थांबू का?" मागून आवाज आला.

"वीस मिनिटं लागतील."

"बोललं तर चालेल?"

"नाही."

"आणि... बघितलं तर?"

मी गजर लावला. माझे पाय हलत नव्हते, हातही स्वस्थ होते.

"बघ," मी म्हटलं, हेडफोन चढवले आणि भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले.