कब्रस्तानातली धावपट्टी

वीज गेली होती. ओट्यावर पोरांनी मोबाइलचे उजेड लावले, तेव्हा कारभारीआण्णा म्हणाले, आधी ते बंद करा. मग गयास ड्रायव्हरचं सांगतो. माझ्या चांगल्या ओळखीचा माणूस, खोटं रचायची त्याला अक्कलच नव्हती.

निजामाची शेवटची वर्षं. शब-ए-बरातच्या, म्हणजे कबरींवर दिवे लावायच्या रात्री गयास पणती आणि तेलाची बाटली घेऊन चिकलठाण्याच्या कब्रस्तानाकडे निघाला. धाकट्या भावाच्या, जहांगीरच्या कबरीवर दिवा लावायचा होता. आदल्या वर्षी याच रात्री हैदराबादचं विमान तिथं आदळलं होतं, एकही माणूस वाचला नव्हता. जहांगीर त्यात बिनतारी यंत्रावर होता. त्यानंच कॅप्टनला चुकीचे दिवे दाखवले, असा निकाल कचेरीतल्या शहाण्यांनी दिला. मेलेल्याच्या माथी मारणं सोपं, तो काय अपील करणार? आई जहांआरा वर्षभर शेजारणींना तोंड दाखवत नव्हती.

कॅप्टन मोठं प्रस्थ. पांढरे हातमोजे घालून चहा प्यायचा, आणि दुसऱ्याचं ऐकणं म्हणजे त्याला कमीपणा. त्या रात्री आभाळ भरलेलं. विमानतळावर धावपट्टीच्या कडेनं कंदिलांच्या दोन रांगा होत्या, अलीकडच्या कब्रस्तानात लोकांनी लावलेल्या पणत्यांच्याही होत्या. साहेबांनी पणत्या निवडल्या.

लोक घरी गेल्यावर गयास कबरीपाशी बसला. पणती पेटवली.

“बत्ती बुझाओ.”

मागं टोपी घातलेला माणूस. हातात पांढरे मोजे. पाय गवतात दिसत नव्हते... गवत तेवढं उंच नव्हतं.

गयासनं कॅप्टनला ओळखलं. वर्षभर आत साचलेलं तोंडातून निघालंच.

“जहांगीर क्या बोल्या था, साहेब?”

वारा थांबला.

“बोला था... कब्रस्तान है.”

“फिर?”

“कॅप्टन मैं था.”

बघा. मेला, पण ताठा मेला नाही.

“बुझाओ.”

“नाय.”

मोजा पुढं आला. ज्योतीवर... गयास पळाला.

घरी जाऊन त्यानं आईला उठवलं, जे ऐकलं ते सांगितलं. ती ओक्साबोक्शी रडली. उजाडता उजाडता दोघं कब्रस्तानात आली. बाकीच्या पणत्या कधीच विझल्या होत्या. जहांगीरची जळत होती. शेजारी पांढरा हातमोजा पडला होता, दोन बोटं जळून काळी.

जहांआरानं तो काडीनं बाजूला सारला आणि पणतीत तेल घातलं.