तीनशे किलोंचा हार

हार पडला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तीनशे किलो झेंडू, आत लोखंडी कडं, आणि खाली खासदार शालिकराम भोयर. कवटी फुटल्याचा आवाज ढोलताशांत कोणाला ऐकू आला नाही. पहिल्या रांगेला वाटलं, साहेब फुलांत बुडाले. मग पाकळ्यांखालून रक्त वाहत मंचाच्या कडेपर्यंत आलं आणि बायका किंचाळू लागल्या.

ठाणा प्रभारी संघमित्रा रामटेके बंदोबस्तासाठी रिसालीच्या त्याच मैदानावर होत्या. त्या मंचाकडे धावल्या आणि जमाव हायड्राकडे धावला. हायड्रा म्हणजे छोटी फिरती क्रेन. हल्ली पुढाऱ्याला हार घालायला माणसाचे हात पुरत नाहीत, क्रेन लागते. ड्रायव्हर अमरदीपला लोकांनी केसांना धरून केबिनबाहेर ओढलं. खुर्च्या, झेंड्याच्या काठ्या, दगड, हाताला लागेल ते चाललं. पोलिसांनी त्याला सोडवलं तेव्हा त्याचा उजवा हात कोपराखाली उलटा लोंबत होता. मागे हायड्रा पेटली होती.

हार ज्या नायलॉनच्या पट्ट्याला टांगला होता, तो संघमित्रांनी उचलून पाहिला. पाऊण भाग ब्लेडने सरळ कापलेला, उरलेला फाटलेला. म्हणजे अपघात नव्हता.

साडेबाराला वरून फोन आला. पाच वाजता अंत्ययात्रा, मंत्री येणार, त्याआधी ड्रायव्हरवर खुनाचा गुन्हा लावून मोकळ्या व्हा. ठाण्याच्या पुढच्या-मागच्या दोन्ही दारांशी हजारेक लोक जमले होते आणि त्यांना अमरदीप हवा होता, जिवंत जाळायला. रस्ता अडल्यामुळे त्याला दवाखान्यात नेता येईना, डॉक्टरलाच आत आणावं लागलं. बाकावर अमरदीपची बायको रेणू बसली होती. तिच्या कपाळावर काच लागून खोक पडली होती आणि रक्त पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"पट्टा कोणी बांधला होता?" संघमित्रांनी विचारलं.

"साहेबांच्या भय्याजी काकांनी. मी मदत केली," अमरदीप कण्हत म्हणाला. "कसम से मॅडम, मी काही कापलं नाही."

"हार खाली येता येता एकदम थांबला. झटका बसला, अन् पट्टा तुटला. व्हिडिओत दिसून राहिलं. तू कावून थांबवला?"

"काकांनी हात केला ना. एकदम स्टॉप. मी ब्रेक मारला."

"साहेब हाराखाली आले, हे दिसलं नाही तुले?"

"मी साहेबांकडे पाहतच नव्हतो. मी काकांचा हात पाहून राहिलो होतो. क्रेनवाला और कहाँ देखेगा?"

संघमित्रांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचे वडील आयुष्यभर खलासी होते, म्हणजे लोड बांधून क्रेनला हाताने इशारे देणारे. क्रेनवाला लोडाकडे पाहत नाही, खलाशाच्या हाताकडे पाहतो, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

शालिकरामही क्रेनवालाच होता. नंदिनी रोडवरच्या एका फौंड्रीत, जी आता बंद पडली आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिथं त्याच्या क्रेनला टांगलेली वितळलेल्या लोखंडाची बादली माणसांवर उलटली. एक जण जागच्या जागी जळून गेला. शालिकरामने केबिनमधून उतरून दोघांना ओढून काढलं आणि त्यात त्याचा हात भाजला. त्या भाजलेल्या हातावर तो युनियनचा नेता झाला, मग नगरसेवक, मग आमदार, मग दोनदा खासदार. प्रत्येक भाषणात बाही वर करून तो डाग दाखवायचा आणि लोक दरवेळी रडायचे. संसदेतही त्याने कामगारांच्या सुरक्षेवर प्रश्न विचारले होते. त्या अपघाताच्या चौकशीत ठपका आला खलासी भय्याजी गजभियेवर, चुकीचा इशारा दिला म्हणून. मेलेला धम्मपाल त्याचाच धाकटा भाऊ. भय्याजीची नोकरी गेली, पण शालिकरामने त्याला तुरुंगातून वाचवलं आणि कायमचं जवळ ठेवलं.

भय्याजी ठाण्यातच बसला होता. साठी उलटलेला, शर्टावर साहेबांचं रक्त.

"काका, थांबवाचा इशारा कावून केला?"

"साहेब हाराखाली आले, बाई. त्याइले वाचवाले हात केला. पण पट्ट्यानं दगा देल्ला."

"ते पुढं कावून आले?"

"मले काय मालूम? लोकाइले हात दाखवत आले असतीन."

उत्तर पटण्यासारखं होतं. तरी संघमित्रा मागच्या दारच्या गर्दीतून वाट काढत निघाल्या आणि पद्मनाभपुरात खासदारांच्या घरी गेल्या. त्यांच्या पत्नी सिंधुताईंच्या बांगड्या अजून हातात होत्या. त्या काढायला आलेल्या बायकांना त्यांनी हाकलून दिलं होतं.

"काकू, साहेब हाराखाली नेहमीच उभे राहायचे?"

"कदीच नाही!" सिंधुताई एकदम ताठ बसल्या. "लोडाखाली उभं राहणं म्हणजे मरण, म्हणत. घरात पंख्याखाली खाट टाकू देत नव्हते, बाप्पा. हार बाजूले उतरे, मंग हे जाऊन त्यात उभे राहत. आज काय झालं त्याइले, मले समजूनच नाही राहिलं."

खासदारांचा पीए हर्षल दारात उभा होता. मंचावर साहेबांच्या जागी पांढऱ्या टेपची फुली त्यानेच लावली होती, हारापासून पाच पावलं दूर. तशी साहेबांची सक्त ताकीदच असायची.

"आज त्यांचं आत्मचरित्र निघणार होतं ना? छापायच्या आधी कोणी वाचलं?" संघमित्रांनी त्याला विचारलं.

"मीच लिहून घेतलं, मॅडम. फौंड्रीचं प्रकरण भय्याजी काकांना वाचून दाखवलं, मशिनरीची नावं बरोबर आहेत का पाहायला. मागच्याच आठवड्यात. काका चहा तसाच टाकून उठून गेले." हर्षल घुटमळला. "पण ते जुनं डिक्टेशन होतं. त्यातल्या चार ओळी साहेबांनी नंतर खोडायला लावल्या."

"त्या ओळी घेऊन ठाण्यात ये. काकूंनाही आण."

चार वाजले तेव्हा संघमित्रांच्या खोलीत त्या स्वतः, भय्याजी, सिंधुताई आणि हर्षल होते. बाहेर घोषणा वाढत होत्या. एक दगड खिडकीच्या जाळीवर आदळला.

"मला पाचच्या आत गुन्हा दाखल करायचा आहे," संघमित्रा म्हणाल्या. "सगळे ड्रायव्हरचं नाव घेतात. पण त्याला हार पाडायचाच असता तर पट्टा कापायची गरज काय? क्रेनचं लिव्हर त्याच्याच हातात होतं. ज्याच्या हातात लिव्हर नव्हतं, त्याने ब्लेड वापरलं. आणि कापलेला पट्टा नुसत्या वजनाने तुटला नाही, वर जाताना टिकला. तो झटक्याने तुटला. झटका कोणाच्या हुकमाने बसला, ते भय्याजी काका स्वतःच सांगतात. साहेबांना वाचवायला."

"मंग खोटं काय त्यात?" भय्याजी म्हणाला.

त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "सकाळपासून हा व्हिडिओ सगळ्यांनी साहेबांकडे पाहत पाहिला. मीही. आता साहेबांना पाहू नका. फक्त काकांना पाहा."

पडद्यावर हार खाली येत होता. भय्याजीचा उजवा हात वर, क्रेनसाठी. डावा हात कमरेपाशी. त्या डाव्या हाताची बोटं एकदा आत वळली, परत एकदा वळली. फुलीवर उभे असलेले साहेब हसले आणि वर न पाहता पाच पावलं पुढे चालत आले. ते हाराखाली पोचले तेव्हाच उजवा हात झटकन आडवा झाला.

"जो माणूस पंख्याखाली झोपत नाही, तो टांगलेल्या लोडाखाली कोणाच्या बोलावण्याने जाईल? कार्यकर्त्यांच्या नाही, मंत्र्याच्याही नाही. फक्त आपल्या खलाशाच्या. तुमच्या दोन हातांत दोन क्रेनवाले होते, काका. एकाला तुम्ही थांबवलं, एकाला बोलावलं. हर्षल, त्या ओळी वाच."

हर्षलने कागद उघडला. तो वाचू लागला. "'दुपारची शिफ्ट होती. माझा डोळा लागला होता. भय्याने थांबवायचा हात केला होता, तो मी पाहिलाच नाही. नंतर त्याला सांगितलं, तुझाच हात चुकला. बिचाऱ्याने ते खरं मानलं.'"

सिंधुताईंनी पदर तोंडात कोंबला.

"अठ्ठावीस वर्स," भय्याजी म्हणाला. "धम्मपाल माह्या डोळ्यापुढं लोखंडात शिजला. मी समजे, माह्याच हातानं मारला. माय म्हणे, तू माह्यापुढं येऊ नोको. तशीच मेली ते. अन् थो बाही वर करून मतं मागे."

"त्यांना विचारलं नाही?"

"विचारलं ना. हसला. म्हणे, जुनी गोष्ट आहे भय्या, तुले सांभाळलं ना मी?"

 संघमित्रांना या माणसाची दया येत होती आणि त्याचा संतापही येत होता. शेवटी संताप वरचढ ठरला.

"आणि अमरदीपनं काय केलं होतं? त्यानं तुमचा हात पाहिला, झोपला नाही. तुम्ही म्हणाल ते केलं. शालिकरामनं तुमच्यावर जे लोटलं, तेच तुम्ही सकाळपासून त्याच्यावर लोटून राहिले. बाहेर ऐकू येऊन राहिलं ना, काका?"

भय्याजीने खिडकीकडे पाहिलं. 

"लोक पट्टा झिजला होता म्हणतीन, असं वाटलं होतं मले," तो हळूच म्हणाला. मग उठला. "चाल बाई."

संघमित्रांनी ठाण्याच्या पायरीवरून माईक घेतला. ड्रायव्हर निर्दोष आहे म्हणताच गर्दी उसळली. बिक गई पुलिस, अशा आरोळ्या आल्या. फाटकाची बिजागरी उखडली. तेव्हा भय्याजी त्यांच्या बाजूने पुढे सरकला, कोणी धरायच्या आत शेवटच्या पायरीवर उतरला.

"साहेबाले मी मारलं!" तो ओरडला. "मी भय्याजी गजभिये! त्या पोराले सोडा, थ्यानं काही नाही केलं!"

 साहेबांच्या सावलीसारखा वावरलेला म्हातारा, त्याला प्रत्येक जण ओळखत होता. मग पहिला दगड त्याच्या भुवईवर लागला. दुसरा दातांवर. त्याने चेहरा झाकला नाही. मागच्या दारची गर्दीही पुढच्या फाटकाशी धावली आणि शिपाई भय्याजीला ओढत आत आणेपर्यंत त्याच्या रक्ताने पायऱ्या भिजल्या होत्या.

तेवढ्या वेळात मागचं दार मोकळं झालं होतं. अॅम्ब्युलन्स तिथून बाहेर पडली. अमरदीप स्ट्रेचरवर होता, आणि रेणू त्याचा धड हात दोन्ही हातांत धरून बसली होती.